निळ्या टबातल्या बाटल्या

२९ जानेवारी

बाईसाहेब,

फोन तुम्ही उचलत नाही. मेसेज वाचता तेवढं कळतं, पुढे सगळी शांतता. म्हणून हा कागद. पाकिटावर माझं नाव टाकलेलं नाही, तेव्हा घाबरू नका. कचऱ्याच्या शेडमधून तुम्हाला पत्रं येतात हे हॉस्टेलमध्ये कुणाला कळणार नाही.

आधी बातमी देते, मग शिव्या. काकूचा डावा डोळा गेला. डॉक्टरांनी काल स्पष्टच सांगितलं. उजवा शाबूत आहे. तुमचं सेवा शिबिर संपून नऊ दिवस झाले आणि या नऊ दिवसांत ‘कशी आहे’ एवढं विचारायला तुला तोंड उघडता आलं नाही. अगं, शाळा सुटल्यावर शेडमध्ये येऊन तू कुणाच्या मांडीवर झोपायचीस? आई गेली तेव्हा आपल्या दोघींना चार महिने कुणी जेवायला घातलं? पिशवी चुरगळून कानाशी धरायची, कुरकुरली तर या पोत्यात, गप्प राहिली तर त्या पोत्यात, हे तुला कुणी शिकवलं? तुमच्या मॅडमनी?

अठरा तारखेला सकाळी तुमची बस आली. हिरवे टी-शर्ट, पाठीवर ‘सेवेतून परिवर्तन’. तू सातवी उतरलीस. मी येडी, हात वर केला. तू माझ्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे बघितलंस, जसं काही भिंतीवर कुणी तुझं नाव कोरून ठेवलंय. मी काही दुधखुळी नाही. वर गेलेल्या हाताने केस सारखे केले, आणि काकूला कोपर मारून म्हटलं, "गप्प राहा, आपण हिला ओळखत नाही." काकू म्हणाली, "बरं. पण पोरगी वाळली गं."

मग तुमच्या मॅडमनी आम्हा बायकांना खुर्च्यांवर बसवलं. "तीन दिवस तुम्ही आराम करा, काम आमची मुलं करतील." आराम म्हणजे काय, तर कचरा वेगळा का करावा यावर व्याख्यान. वीस वर्षं कचरा वेगळा करणाऱ्या बायकांना! काकू पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होती, मला वाटलं ऐकतेय, बघते तर झोपली होती. तुझ्या त्या कुरळ्या केसांच्या मैत्रिणीने मला विचारलं, "तुम्हाला वासाचा त्रास होत नाही का?" म्हटलं, "होतो ना. तुझ्या सेंटचा." तू तेव्हा हसलीस. तोंड फिरवून, पण हसलीस. तीन दिवसांत तेवढी एकदाच मला माझी बहीण दिसली.

आणि आम्ही व्याख्यान ऐकत होतो तेव्हा मागे तुम्ही काय करत होतात? झाकणं लावत होतात. तुमच्या त्या छापील कागदावर लिहिलं होतं, की बाटलीला झाकण घट्ट लावावं म्हणजे झाकणही वाया जात नाही. असेल बाई. कुठल्या तरी चकचकीत शहरात असेलही तसं. आमच्याकडे झाकण नाही म्हणजे बाटली उघडून बघितलेली, झाकण आहे म्हणजे संशय, आत काय उरलंय कोण जाणे. संशयाच्या सगळ्या निळ्या टबात, भिंतीकडेला, आणि काकू त्या दुपारी उघड्यावर नेऊन तोंडाला फडकं बांधून एकेक उघडणार. हे चाळीस जणांपैकी एकोणचाळीस जणांना माहीत नव्हतं. त्यांना मी काही म्हणत नाही.

तुम्ही झाकणांची पोती उपडी केलीत, दोन दिवस बसून सगळ्या बाटल्यांना झाकणं लावलीत, निळा टब त्याच ढिगात ओतलात आणि टब घासून त्यावर हिरवं पान रंगवलंत. पान छान आलंय. तुझ्याच हातचं आहे, देठ तू लहानपणापासून उलटा काढतेस.

आता मुकादमाने वर कळवलंय की चूक काकूची. एकवीस फेब्रुवारीला शेड चालवणाऱ्या संस्थेच्या ऑफिसात बैठक आहे. चूक तिची ठरली तर शेड बंद तिला, कायमची. एका डोळ्याच्या पंचावन्न वर्षांच्या बाईला दुसरीकडे कोण उभं करणार? कुणीतरी तिच्याविरुद्ध सहीसुद्धा दिलीय म्हणे.

आम्हा बायकांच्या बोलण्याला तिथे काडीची किंमत नाही. शिबिरातल्या एकाने जरी खरं लिहून दिलं तर काकू वाचते. तू लिहून दे. एवढंच मागते, आणि मागायची मला हौस नाही.

तुझी बहीण (तुला आठवत असेल तर)


६ फेब्रुवारी

बाईसाहेब,

उत्तर मिळालं. पाच ओळी, त्याही कॉम्प्युटरवर टाइप करून. बँकेची नोटीससुद्धा याहून मायेने लिहितात.

‘झालेली घटना दुर्दैवी आहे.’ घटना? घटना नाही गं, डोळा. ‘आम्हा सर्वांना वाईट वाटले.’ वाटलं असेल. बसमध्ये बसून वाटलं असेल, कारण काकू खाली फरशीवर ओरडत होती आणि मी तिच्या डोळ्यावर नळ धरला होता तेव्हा दहा मिनिटांत तुमची अख्खी बस निघून गेली. ‘मी फक्त एक स्वयंसेविका होते.’ हो का! आणि शेवटची ओळ तर मी दोनदा वाचली, मग शेजारच्या शिंपिणीकडून वाचून घेतली, म्हटलं माझंच काही चुकत असेल. मार्चमध्ये तुमचं कॉलेज आमच्या शेडमध्ये मोफत नेत्रतपासणी शिबिर घेणार!

जखम मांडीला आणि मलम शेंडीला. काकूला सांगितलं तर ती इतकी हसली की पट्टी सुटायची वेळ आली. म्हणाली, "चला, निम्मं काम झालं त्यांचं, एकच तपासायचा राहिलाय." ती हसू शकते. मला नाही हसू येत.

तू म्हणतेस अहवालात सगळं आलंय, कामगाराने संरक्षक चष्मा घातला नव्हता, दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत, आता काय करणार. चोराच्या उलट्या बोंबा. वीस तारखेला काय झालं ते तुला सांगायला नको, पण कागदावर एकदा असू दे.

दुपारचे तीन वाजले होते. मॅडमना दाबयंत्रातून निघणाऱ्या पहिल्या गठ्ठ्याचा फोटो हवा होता, ‘मुलांच्या श्रमाचा गठ्ठा’. काकू यंत्रापाशी आली, ढिगाकडे बघितलं आणि हात मागे घेतला. "सगळ्यांना झाकणं? मी नाही घालत." मुकादम म्हणाला, मुलांनी सगळं तपासलंय, ट्रक उभा आहे, उगीच नाटकं नकोत. काकूने त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. तिने मॅडमकडे नाही बघितलं, त्या टी-शर्टांकडे नाही बघितलं. सरळ तुझ्याकडे बघितलं, कारण त्या गर्दीत तिला माहीत होतं की एकीला कळतंय. तुला ओळख न दाखवता, परक्या मुलीला विचारावं तसं तिने विचारलं, "पोरी, टबातल्या वेगळ्या काढल्यात ना?"

आणि तू म्हणालीस, "हो."

मी चार हातांवर उभी होते. माझ्या या कानांनी ऐकलं. तू नाही म्हणाली असतीस तर काय झालं असतं? एक गठ्ठा राहिला असता. कुणीतरी विचारलं असतं, तुला काय माहीत टबाचं? मग तुला सांगावं लागलं असतं की माझी आई इथे होती, बहीण इथे आहे, मी या पोत्यांवर झोपून मोठी झाले. एवढंच. एवढ्यासाठी!

तिसऱ्या दाबात बाटली फुटली. नाल्या मोकळ्या करायचं औषध होतं.

आता माझंही सांगते, नाहीतर उद्या दुसऱ्याकडून कळेल आणि तू मला तोंड वर करून विचारशील. त्या दोन सह्यांतली एक माझी आहे. बावीस तारखेला मुकादम कागद घेऊन आला. त्यावर एकच वाक्य होतं, कामगाराने चष्मा घातला नव्हता. वाक्य खोटं नव्हतं. तो म्हणाला, सही नाही केलीस तर चौकशी मुलांपर्यंत जाईल, ज्या मुलीने ‘हो’ म्हटलं तिला कॉलेजातून काढतील. मुकादम नवा, त्याला माहीत नव्हतं तू माझी कोण. मी पेन मागितलं.

काकूला हे मी सांगितलेलं नाही. रोज सकाळी तिच्या डोळ्यात थेंब घालते आणि सांगत नाही. कर काय म्हणायचं ते. पण मी काय केलं ते मी लिहिलं. तू तुझं लिही. एकवीस तारखेच्या आत, हाताने, सही करून. टाइप केलेलं चालणार नाही.

तुझी बहीण


१४ फेब्रुवारी

ठके,

आठ दिवस झाले. मूग गिळून बसलीस.

काल मी रजा काढून तुझ्या हॉस्टेलवर आले होते. वॉर्डनबाईंनी निरोप आत पाठवला आणि आतून निरोप आला, की ताप आहे, भेटता येणार नाही. मी फाटकाबाहेर बाकावर बसले. पाऊण तासाने तू तुझ्या त्या कुरळीबरोबर मागच्या दाराने बाहेर पडलीस, हातात फाइल, चालण्यात ताप-बिप काही नव्हता. मी हाक मारली नाही. मारणार होते. "ठके!" असं अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडणार होते. मग तुझ्या पायांतल्या चपला दिसल्या, टाचेकडे झिजलेल्या, आईसारख्याच एका बाजूने, आणि मी बाकावरच बसून राहिले. चिडले होते गं, अजून आहे. पण नाही उठले.

परत येताना डोक्यात एकच, की हिला मी सगळं लिहिलं असं म्हणते आणि खरं ते लिहिलंच नाही.

चष्मा. काकूने घातला नव्हता, हे सगळ्यांनी लिहिलं. का घातला नव्हता, हे कुणी विचारलं नाही. शेडमध्ये धड चष्मा एकच, काकूच्या गळ्यात दोरीने असतो. बाकीच्यांच्या काचा कधीच तडकल्यात आणि नवे मागून मागून आमची तोंडं दुखली. त्या दिवशी मॅडम म्हणाल्या, फोटोत यंत्राजवळ एक मुलगी उभी करा. तू उभी राहिलीस. यंत्रापासून दोन हातांवर. तिथे रोज काही ना काही उडतं. मी काकूच्या मागे गेले आणि तिच्या गळ्यातला चष्मा काढला. तिने विचारलं, "कुणाला?" मी म्हटलं, "तिला." ती म्हणाली, "दे दे, लवकर दे."

तुला आठवतंय? मी तुझ्या हातात दिला आणि म्हणाले, "घाला हो, ताई." तीन दिवसांत मी तुझ्याशी बोललेले तेवढेच शब्द. माझ्याच धाकट्या बहिणीला मी अहो-जाहो केलं, आणि तू "थँक्यू" म्हणालीस.

तर हे असं आहे. तुझ्या डोळ्यांत काही जाऊ नये म्हणून मी काकूचे डोळे उघडे ठेवले. तुझ्या ‘हो’वर मी पंधरा दिवस खापर फोडतेय आणि रोज थेंब घालताना मला माझाच हात दिसतो. झोप येत नाही, अन्न गोड लागत नाही. तू नसतीस लपलीस तर मी हा खेळ खेळले नसते, हे खरं. पण खेळ मी खेळले. तुला ओळख दाखवायची नव्हती, तर मी कशाला एवढी शहाणी झाले? पहिल्याच सकाळी सगळ्यांसमोर कान धरला असता तर बरं झालं असतं. तू जन्मभर बोलली नसतीस. आता तरी कुठे बोलतेस?

आज काकूला सांगितलं. सहीचं सांगितलं. चष्म्याचं तिला माहीतच होतं. तिने ऐकलं आणि म्हणाली, "सही कशाला केलीस बाई, मला विचारायचं तरी." एवढंच. मग संध्याकाळपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिने मला चार शिव्या द्यायला हव्या होत्या, मला चाललं असतं.

मी सही मागे घेणार आहे. एकवीसला बैठकीत उभी राहून सांगणार, चष्मा कुठे गेला, कुणी दिला, झाकणं कुणी लावली. तू ये. लिहून देणं-बिणं राहू दे, स्वतः ये, अकरा वाजता, संस्थेच्या ऑफिसात, पहिल्या मजल्यावर. नाही आलीस तरी मी सांगणारच आहे. तुला विचारत नाही, कळवतेय.

ताई


२२ फेब्रुवारी

ठके,

तू आली नाहीस. मी खुर्ची धरून ठेवली होती, माझी पर्स ठेवून. अकरा वाजून दहा मिनिटांनी मुकादम त्या खुर्चीवर बसला.

तुमच्या मॅडम आल्या होत्या. अहवालाची रंगीत वही प्रत्येकाच्या पुढ्यात. एक वकील, संस्थेचे दोघे, आणि टेबलाच्या टोकाला काकू, स्वच्छ साडी, डोळ्यावर पांढरी पट्टी. तिला बसायला सांगितलं तरी ती उभीच होती.

मी उठले आणि म्हटलं, माझी सही चुकीची आहे. वकील म्हणाला, म्हणजे चष्मा घातला होता का? म्हटलं, नाही, पण तो कुठे होता ते बघा, तुमच्या हातात आहे. त्याला कळेना. मी म्हटलं, पहिलं पान. वहीच्या पहिल्या पानावर तुझा फोटो, ठके, पानभर. तू हसतेयस, कपाळावर काकूचा चष्मा, दोरीला तिने बांधलेली लाल चिंधी, आणि मागे यंत्रावर काकू, उघड्या डोळ्यांनी. चार आठवडे सगळ्यांनी ती वही चाळली आणि कुणाला ते दिसलं नाही. डोळ्यांवर घातलासुद्धा नाहीस गं तू. फोटोत चेहरा दिसावा म्हणून कपाळावर चढवलास.

खोलीत सगळे एकदम वह्या उघडायला लागले. मी चष्मा कुणी काढला ते सांगितलं, मी. निळ्या टबाचं आणि त्या ‘हो’चं सांगितलं. मुलांनी झाकणं लावली म्हणून मला त्यांचा राग नाही, पण आम्हाला खुर्चीवर बसवून आमच्या कामाला हात लावण्याआधी एकदा विचारलं असतं तर दोन मिनिटांत सांगितलं असतं, हेही सांगितलं. मॅडमचा चेहरा उतरला. वाईट बाई नाही ती, ठके. तिला खरंच माहीत नव्हतं. तिने विचारलं, "पण या बाईंनी विचारल्यावर कुणी तरी ‘हो’ म्हटलं असं तुम्ही म्हणता. कोण?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात काकू बोलली. "मला नाही आठवत. सगळ्या सारख्याच कपड्यांत होत्या. मीच नीट बघितलं नाही."

मीच नीट बघितलं नाही. वकिलाने लगेच ते लिहून घेतलं. त्याचं पेन मी बघत होते. काकू शांत उभी होती, माझ्याकडे बघून हळूच मान हलवत होती, नको म्हणून. तिला माहीत होतं त्या वाक्याने काय होणार. शेड गेली तरी चालेल, पण पोरीचं शिक्षण थांबू नये, असा तिचा हिशेब. तिला तू आजही तीच वाटतेस, मांडीवर झोपणारी.

माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला! तुझ्यावर, तिच्यावर, सगळ्यांवर. मी टेबलावर हात आपटला आणि म्हटलं, "ती खोटं बोलतेय. ‘हो’ म्हणाली ती ही, फोटोतली. माझी सख्खी बहीण आहे. टब म्हणजे काय हे तिला चांगलं माहीत होतं, ती याच शेडमध्ये वाढली." मॅडमनी फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत फोटोकडे. नाकं आपली सारखीच आहेत.

निकाल असा. काकूची चूक नाही, ती राहणार, यंत्रावर नाही, बसून निवडायच्या कामावर. पिशव्या तर ती कानाने निवडते, तिला काय. मुकादमाची बदली. मला काढलं, खोटी सही केली म्हणून आणि चष्मा काढून दिला म्हणून. बरोबर आहे. शिंपिणीकडे काज-बटणाचं काम मिळेल, तिने कालच विचारलं.

तुला सोमवारी प्राचार्यांकडे बोलावतील. काय करतील मला माहीत नाही. काढतीलही. तुझं नाव काकूने घेतलं नाही, मी घेतलं, तेव्हा राग धरायचा तर माझ्यावर धर, जन्मभर धर, माझी हरकत नाही. मला तुझा राग आलाय आणि तो जाईल असं मला वाटत नाही. खोटं कशाला लिहू? पण रोज चार वाजता तुमच्या हॉस्टेलकडची बस येते तेव्हा मी दाराशी जाते, हेही खरं आहे.

यायचं असेल तर ये. पण आधी माझ्याकडे येऊ नकोस, काकूकडे जा. माफी-बिफी मागत बसू नकोस, तिला ते आवडत नाही, ती उलट तुलाच समजावत बसेल. नुसती जाऊन बस. आणि बसशील ती तिच्या उजव्या हाताला बस. डावीकडचं तिला आता दिसत नाही.

ताई